चाकाचे चार नट

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी भोळा माणूस नाही. लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, याचाच मला अठरा वर्षं पगार मिळतोय. लॉटरीच्या मेलला, पार्सल कस्टममध्ये अडकल्याच्या फोनला मी कधी फसलो नाही. फसलो ते १९६६ च्या फोर्ड मस्टँगला, तेही गाडीचा नंबर आणि चाळीस फोटो समोर असताना. एकूण गेले २७,९४५ डॉलर ८८ सेंट. रुपयांत हिशोब करू नका, मी करून बसलोय.

मी मध्य न्यू जर्सीत राहतो. इथे रूट १ वर फोर्डचा मेटचन कारखाना होता. नाव मेटचन, जागा एडिसनची. २००४ साली तो बंद पडला, पण साठच्या दशकात तिथे मस्टँग तयार व्हायच्या. ज्या गावात आपण ओक ट्री रोडला पाणीपुरी खायला जातो, त्या गावात बनलेली मस्टँग चालवायची, हे माझ्या डोक्यात दहा वर्षं होतं. त्यात घरातल्या दुसऱ्या गाडीचं लीज संपत आलं. म्हटलं, महिन्याला चारशे डॉलर भरून कसली तरी करडी गाडी घेण्यापेक्षा रोज ऑफिसला मस्टँगच नेऊ. बायको म्हणाली, "शनिवार-रविवारी फिरवायला घे, रोजला नको." तिचं ऐकलं असतं तरी मी फसलोच असतो म्हणा, कारण गाडी तीच घेतली असती.

जाहिरात दक्षिणेतल्या एका राज्यातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरची होती. दक्षिणेतली गाडी, म्हणजे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ नाही, म्हणजे गंज नाही, हे गणित आपण सगळेच मांडतो आणि डीलरला ते पक्कं ठाऊक असतं. '१९६६ हार्डटॉप, ओरिजिनल २८९ व्ही-८, पहिल्या मालकाच्या पत्नीकडून, रोज वापरायला तयार.' २८९ व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं, २८९ घनइंचांचं इंजिन. बाई ८४ वर्षांच्या, नवरा वारला, गाडी विकताना डोळे भरून येतात. डीलर म्हणाला, आम्ही फक्त मध्यस्थ, त्यांच्या वतीने विकून देतो. किंमत २६,९००. घासाघीस करून २३,५०० ला आणली, त्या रात्री मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आता कळतं की तो खाली यायला बसलाच होता.

व्हिनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मी मागून घेतला होता. म्हणजे चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. १९८१ च्या आधीच्या गाड्यांना १७ अक्षरांचा नंबर नसतो, त्यामुळे गाडीचा इतिहास विकणाऱ्या वेबसाइटना ती गाडी सापडतच नाही. या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा. सुरुवात: ६ टी ०७ टी. सहा म्हणजे १९६६. टी म्हणजे मेटचन. तो टी बघितला आणि मी खुर्चीतून उठलो. आपल्या गावची गाडी! बायकोला दाखवला, मित्रांच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी अंगठे दिले.

आणि पुढचा टी कुणी बघितला? कुणीच नाही. पाचवं अक्षर इंजिनचं असतं. सी असेल तर दोनशे हॉर्सपॉवरचं २८९ व्ही-८, ए असेल तर त्याहून दमदार, आणि टी असेल तर साधं सहा सिलिंडर. मेटचनचा टी वाचून मी इतका हरखलो की तीन घरं पुढे दुसरा टी बसलाय, तो दिसला पण कळला नाही. गाडी जन्माने सहा सिलिंडरची. नंतर कुणीतरी त्यात व्ही-८ कोंबलं आणि बाजूला २८९ चा बिल्ला चिकटवला. बिल्ला कुठेही विकत मिळतो.

बरं, नंबर सोडा, नंबर वाचायला अभ्यास लागतो. पण नट मोजायला काय लागतं? त्या काळच्या सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या चाकाला चार नट, व्ही-८ च्या चाकाला पाच. फोटो क्रमांक ११. डावं पुढचं चाक, जवळून, उन्हात चकाकणारं. त्या फोटोत चार नट आहेत. तो फोटो मी तीन आठवडे फोनच्या वॉलपेपरला लावला होता. दिवसातून पन्नास वेळा ते चार नट माझ्याकडे बघत होते.

माझे वडील सांगली जिल्ह्यातले शेतकरी. बैलबाजारात ते आधी बैलाचा जबडा उघडायचे. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलाय ते बघून मगच रुमालाखाली हात. व्यापारी "दादा, विश्वास नाही होय?" म्हणाला तरी यांचा हात जबड्यातच. मी लहानपणी बाजूला उभा असायचो आणि मला लाज वाटायची. गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "दात मोजलेस का?" मी हसलो. किमतीचं विचारलं तर आठ हजार सांगितली. ते अजून आठच समजतात.

स्वतंत्र माणसाकडून तपासणीचे ३५० डॉलर पडत होते. डीलर म्हणाला, "जरूर करा, पण तो माणूस पुढच्या आठवड्यात येईल आणि टेक्सासचं एक गिऱ्हाईक उद्याच पैसे पाठवतंय." ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. तुम्हालाही माहीत आहे. तरी मी १,००० डॉलर डिपॉझिट भरलं, परत न मिळण्याच्या अटीवर, आणि दोन दिवसांनी बाकीचे बँकेतून वायर केले. क्रेडिट कार्डाने डिपॉझिट भरलं असतं तर निदान त्या हजारासाठी भांडता आलं असतं. वायर गेली की गेली. टायटलची, म्हणजे मालकीच्या कागदाची, प्रत पैसे पोचल्यावर आली. त्यावर कुठल्याही बाईचं नाव नाही, एका कंपनीचं नाव, आणि तारीख जाहिरातीच्या सहा आठवडे आधीची. फोन केला तर म्हणे, कागदोपत्री तसंच करावं लागतं.

गाडी आली रात्री सव्वानऊला, ट्रेलरवरून. वाहतुकीचे १,२७५. ड्रायव्हर घाईत, मोबाइलच्या उजेडात मी 'गाडी ठीक मिळाली' वर सही केली. रात्री गाडी उतरवून घेऊ नका. घ्यावीच लागली तर 'अंधारात, न तपासता' असं लिहून मग सही करा. मग डीलरची कागदपत्र फी ५९९, आणि इथला ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, १,५५६ डॉलर ८८ सेंट. फसवणुकीवरसुद्धा टॅक्स भरलाय मी.

पहिले बारा दिवस छान गेले, हेही खरंच सांगायला हवं. सिग्नलला लोक काच खाली करून हात दाखवायचे. तेराव्या दिवशी पाऊस आला. या मस्टँगना पुढच्या काचेखाली हवेसाठी जाळी असते, तिच्या आतला पत्रा गंजला की पावसाचं पाणी थेट पायाशी येतं. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, माझं दप्तर भिजलं." घरी येऊन नवाकोरा गालिचा उचलला. खाली डांबरासारखं काहीतरी थापलेलं, त्याखाली फायबरची जाळी, आणि जाळीखाली कुठल्यातरी पाटीचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. पिवळ्यावर काळी अर्धवट अक्षरं. मी अंगठ्याने जरा दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा पडला आणि भोकातून आमच्या ड्राइव्हवेचं सिमेंट दिसलं. खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग फवारलेलं होतं, ताजं. फोटोत ते मला 'नीट निगा राखलेली' वाटलं होतं.

हे कळायला फार काही लागत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखाली आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा, पुट्टी असेल तिथे ते चिकटत नाही. त्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाशी हात लावून बघा. विकणारा नको म्हणाला तर परत फिरा.

त्यानंतर ब्रेक. १९६६ च्या मस्टँगला मास्टर सिलिंडर (चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलतो तो) एकाच कप्प्याचा, दोन कप्प्यांचा पुढच्या वर्षीपासून आला. एका जागी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. माझे गेले रूट २७ वर, लाल सिग्नलला. पेडल सरळ फरशीला टेकलं. हँडब्रेक डॅशबोर्डखाली ओढायचा दांडा असतो, तो दोन्ही हातांनी ओढला आणि पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबलो. मुलगी गाडीत नव्हती. नवीन सिलिंडर आणि पाइप, ६४० डॉलर. गॅरेजवाल्या म्हाताऱ्याने गाडी वर घेतली, चाकाकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे व्ही-८ म्हणून विकलं तुला?" त्याने स्टार्टरजवळचं ग्रीस पुसलं. इंजिनच्या ब्लॉकवर ओतीव अक्षरं निघाली, सुरुवात डी-८. फोर्डच्या भाषेत सी म्हणजे साठचं दशक, डी म्हणजे सत्तरचं. १९७८ चं इंजिन, आणि ते थांबवायला सहा सिलिंडरच्या गाडीचे छोटे ड्रम ब्रेक. पत्रा, खालचे आडवे-उभे रेल, पाच नटांचे ब्रेक धरून त्याने आकडा दिला १४,२००. तो मी अजून एकूणात धरलेला नाही.

मग सुरू झाली कचेऱ्यांची वारी. गावातले पोलीस म्हणाले, गाडी मिळाली ना? मग हा दिवाणी मामला. डीलरच्या गावचे पोलीस म्हणाले, तुमच्या राज्यात तक्रार करा. इथल्या ग्राहक खात्यातल्या बाई नम्र होत्या. म्हणाल्या, जुन्या गाड्यांचा कायदा सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू होतो, तुमची गाडी किती वर्षांची? मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग "ओह." बँकेने विचारलं, वायर तुम्हीच केली ना?

पण खरा कळस केला डीलरला लायसन्स देणाऱ्या तिथल्या खात्याने. तक्रार फक्त ऑनलाइन. फॉर्ममध्ये व्हिनचे १७ चौकोन, सगळे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. माझ्याकडे अकरा अक्षरं. फोन केला, ४० मिनिटं संगीत ऐकलं, उत्तर मिळालं: फॉर्म बरोबर आहे, तुमचा नंबर चुकीचा असेल. मी समजावलं की १९८१ च्या आधी नंबर तसेच होते. तो म्हणाला, "सर, सिस्टिम घेत नाही." शेवटी मी पुढे सहा शून्यं लावून फॉर्म पाठवला. पाच आठवड्यांनी पत्र आलं की या क्रमांकाचं वाहन अस्तित्वात नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. जुन्या गाड्या विकायचं लायसन्स हेच खातं देतं! लायसन्स देताना १९६६ ची गाडी चालते, तक्रार घेताना चालत नाही. मी पुन्हा लिहिलं, नोटरी करून, टपालाने, प्रत्येक पानाच्या वर लाल पेनने '११ अक्षरं' लिहून. पोच आली. दोन महिने झाले, पुढे काही नाही.

वकिलाचा पहिला तास ३७५ डॉलर. त्याने करारातली ओळ दाखवली: वाद झाल्यास डीलरच्या काउंटीतल्या कोर्टात. आणि 'आहे तशी' विक्री. तरी तो म्हणाला, 'ओरिजिनल २८९' असं लेखी दिलं असेल तर ते वचन धरता येईल, जाहिरात दाखवा. जाहिरात काढून टाकलेली. माझ्याकडे फोटो सगळे होते, मजकूर एकही नाही. फोटो क्रमांक ११ तर वॉलपेपरलाच होता. पहिल्या दिवशी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढा, फोनवर बोललेलं प्रत्येक वाक्य मेलवर लिहून घ्या. मी ऑफिसात दुसऱ्यांना हेच ओरडून सांगतो.

आणखी एक. 'हिस्टॉरिक' नंबरप्लेट घ्या, क्लासिकचा स्वस्त विमा घ्या, असा सल्ला डीलर हमखास देतो. ती प्लेट प्रदर्शनासाठी असते आणि त्या विम्यात रोज ऑफिसला जाणं बसत नाही. अपघात झाला तर विमेवाला आधी विचारेल, मंगळवारी सकाळी आठला रूट १ वर कुठलं प्रदर्शन होतं? एवढं एक मी केलं नाही, साधा महाग विमाच घेतला. सगळंच काही मी चुकलो नाही.

आणि मस्टँगला नावं ठेवू नका. दोन कप्प्यांचा सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, खांद्यावरून येणारे पट्टे आणि शाबूत पत्रा असेल तर माणसं ती रोज चालवतात. सहा सिलिंडरचीसुद्धा. मला सहा सिलिंडरची सहा म्हणून, तिच्या किमतीत विकली असती तर मी आनंदाने घेतली असती.

सध्या गाडी ताडपत्रीखाली आहे. विकायला काढली, सगळं खरं लिहून. एक मित्र म्हणाला, "व्ही-८ एवढंच लिही, बाकीचं ज्याने त्याने बघावं." दोन रात्री मी त्यावर विचार केला, हे कबूल करतो. परवा एक पोरगा आला, विशी-बाविशीतला. नमस्कार-चमत्कार नाही, ताडपत्री वर केली, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बोट लावून नट मोजले. मग उठून म्हणाला, सहा हजार.

मी सात म्हटलं. कळवतो म्हणाला.