अंगणवाडीतलं पाळणाघर : आठ महिने पोराला ठेवल्यानंतरचा माझा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की सरकारी पाळणाघरात पोरगं ठेवावं का, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला आहे, नवरा टेम्पोवर. मुलगी आठ वर्षांची, तिसरीला, आणि मुलगा गेल्या गणपतीनंतर ठेवला तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याआधी वस्तीतल्याच एका बाईंकडे खाजगीत ठेवायचो, महिना साडेतीन हजार आणि वर डबा आपला, मला रोज सुटतात ४८० रुपये, म्हणजे महिन्याचे सात-आठ दिवस मी फक्त पोराला सांभाळायच्या पैशासाठीच राबत होते.

ही पाळणा योजना केंद्राची आहे, मिशन शक्ती म्हणून बायकांसाठीचा जो कार्यक्रम आहे त्यातली, ६० टक्के पैसे केंद्र आणि ४० टक्के राज्य घालतं. अंगणवाडीच्याच खोलीला जोडून पाळणाघर, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, जास्तीत जास्त २५, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास. अंगणवाडीच्या ताई वेगळ्या आणि पाळणा सेविका, पाळणा मदतनीस वेगळ्या. माझ्याकडून आधार, जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड घेतलं, आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून घेतली. फी म्हणून एक रुपया घेतला नाही.

पहिला आठवडा तो नुसता रडला. मी लाइनवर उभी राहून डोळे पुसत होते, सुपरवायझर ओरडले तरी सुचत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी सांगितलं की दारात थांबू नका, टाटा करा आणि लगेच निघा, तसं केल्यावर तीन-चार दिवसांत थांबला. आता गाणी म्हणतो, हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, मला पण लावू देत नाही.

सगळ्यात मोठा फरक वजनात पडला. ठेवला तेव्हा ९ किलो ८०० ग्रॅम होता, ताईंनी तक्त्यावर दाखवलं की पिवळ्या पट्ट्यात आहे, म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी, आणि मला वाटायचं आमच्या घरात सगळेच किडकिडीत. सकाळी नाश्ता, दुपारी गरम जेवण, संध्याकाळी दूध, केळं नाहीतर अंडं, आणि महत्त्वाचं म्हणजे रोज त्याच वेळेला. सहा महिन्यांनी साडेअकरा किलो भरला, हिरव्यात आला. ते कार्ड मी घरी तीनदा काढून बघितलं.

आता अडचण सांगते, ती वेळेची आहे. पाळणाघर साडेनऊ ते पाच. माझी ड्यूटी साडेआठ ते पाच, घरातून आठला निघावं लागतं आणि परत यायला पावणेसहा. म्हणजे रोज सव्वादोन तास पोरगं कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न तसाच उरतो. सकाळचं शेजारच्या मावशी बघतात, साडेनऊला त्याच सोडून येतात, मी त्यांना महिना आठशे देते. संध्याकाळी सेविकाताई माझ्यासाठी थांबतात, स्वतःहून, पावणेसहापर्यंत. त्यांचं मानधन ५,५०० रुपये महिना, २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे २११ होतात, मदतनीस ताईंचे ३,०००, म्हणजे ११५. माझ्यासारख्या कंत्राटी बाईच्या हजेरीच्या निम्म्यापेक्षा कमी पैशात त्या वीस पोरांचं शी-शू, जेवण, झोप, रजिस्टर सगळं करतात. मला ह्याचं खूप वाईट वाटतं. त्यांनी थांबायला नकार दिला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि त्यांना नकार द्यायचा पूर्ण हक्क होता.

दुसरं, सुट्टी. आमच्या भागात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते हे इथल्या सगळ्यांना माहितीये, पाळणाघर बंद रविवारी. त्यामुळे रविवारी नवऱ्याला भाडं सोडून घरी बसावं लागतं नाहीतर मला खाडा. ताप आला की घेत नाहीत, ते बरोबरच आहे, बाकीच्या पोरांना लागण व्हायला नको, पण माझा खाडा म्हणजे ४८० गेले. आणि मार्चनंतर पत्र्याखाली फार उकडतं, एकच पंखा आहे, लाइट गेली की पोरं घामाने भिजलेली असतात. दुसरा पंखा आम्ही पालकांनी वर्गणी काढून आणतोय.

मुलीचं दुखणं मात्र वेगळंच. तिची सकाळची शाळा, साडेबाराला सुटते, आणि सहा वर्षांपुढच्या मुलांना पाळण्यात जागा नाही. गळ्यात किल्ली अडकवून ती घरी यायची आणि आतून कडी लावून बसायची, मी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे, एकदा तिने उचलला नाही तर माझे हातपाय गार पडले होते, झोपली होती ती. सहा वर्षांचं झाल्यावर मूल एकटं राहायला शिकतं असं कुणी ठरवलं? आता ताई तिला बाहेरच्या ओट्यावर अभ्यासाला बसू देतात, रजिस्टरला नाव नाही, पण नजरेसमोर असते. शाळा सुटल्यानंतरच्या चार-पाच तासांसाठी मोठ्या मुलांना त्याच आवारात एक खोली आणि एक ताई मिळाली तरी कितीतरी घरांचा जीव भांड्यात पडेल.

तर पोरगं सहाच्या आतलं असेल तर बिनधास्त ठेवा, फक्त आधी वेळ, सुट्टीचा वार आणि न्यायला कोण येणार हे तिन्ही घरात बसून नीट ठरवा. आम्ही ११ आयांनी मागच्या पालक सभेत अर्ज दिलाय, वेळ आठ ते सहा करा, त्या जादा तासांचे पैसे ताईंना द्या आणि मोठ्या मुलांना बसायला खोली द्या. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की इथेच लिहीन.