बालेवाडीतलं ५२० फुटांचं ऑफिस: दोन वर्षं वापरून झाल्यावर

कोथरूडमध्ये अकरा-अकरा महिन्यांचे करार करत तीन जागा बदलल्या आणि २०२३ च्या पावसाळ्याआधी मी बालेवाडीत स्वतःचं ऑफिस विकत घेतलं. आमचं काम पगारपत्रकं आणि जीएसटीचे हिशेब. आम्ही नऊ जणी आहोत. दोन वर्षांत जागा सगळ्या ऋतूंत वापरून झाली, म्हणून आता लिहिते. इमारतीचं नाव देत नाही. बाणेर, बालेवाडी, वाकडच्या बऱ्याच नव्या कमर्शियल इमारतींत छोटं ऑफिस घेणाऱ्याला हेच प्रश्न पडणार आहेत.

आधी निकाल सांगते. घेतलं याचा मला आनंद आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तरी घेईन. पण जाहिरातीत ज्याला किंमत म्हणतात आणि आपल्या खिशातून जे जातं, त्यात फार अंतर आहे. ते अंतर कुठून येतं हे कुणी नीट सांगत नाही.

हिंजवडी पहिल्यांदा बघितली. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये जमीन एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. पुढे विकायचं झालं तर हस्तांतरणाला त्यांची परवानगी लागते. आयटी कंपनीला हे सवयीचं असतं, आमच्यासारख्या छोट्या धंद्याला ती कटकट नको होती. खराडीत जागा सुंदर होत्या, पण आमच्यातल्या पाच मुली कोथरूड-वारज्याच्या. रोज अख्खं पुणे ओलांडून त्यांना नेणं मला पटेना. मगरपट्ट्यातही एक चक्कर मारली. शेतकऱ्यांनी स्वतःची जमीन विकून न टाकता एकत्र कंपनी काढून तिथं गाव वसवलं, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. पण आमच्या मापाची विक्रीची जागा तिथं मिळाली नाही. शेवटी बालेवाडी ठरली. महामार्ग जवळ, वाकड-पिंपळे सौदागरच्या मुलींना सोयीची, आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे खांब तेव्हा उभे राहिलेले. मेट्रोच्या नावावर एजंट फुटामागे हजार रुपये चढवून सांगत होता. मी ते धरले नाहीत. ज्या गाडीत आज बसता येत नाही तिचे पैसे आज कशाला द्यायचे?

आता मापाबद्दल, कारण सगळं इथंच ठरतं.

सेल्स ऑफिसात आम्हाला सांगितलं, आठशे फूट सेलेबल (खोलीसोबत लॉबी, जिने, लिफ्टचा वाटा धरलेलं माप), १०,५०० रुपये फूट, म्हणजे ८४ लाख. कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष खोलीतली जागा, किती विचारल्यावर ५३४. कार्पेटवर असं माप चढवणं म्हणजे लोडिंग, इथं दीडपट. रेरा या बांधकाम व्यवहारांच्या कायद्यानुसार (महारेरा हे त्याचं राज्यातलं प्राधिकरण) करारात कार्पेटच लिहावं लागतं, तरी तोंडी भाव अजून सेलेबलवरच चालतो. माझे बाबा सोलापूरला चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात होते. ते पिशवीत स्टीलचा टेप घेऊनच आले होते. सेल्सचा मुलगा म्हणाला, "सर, महारेराच्या साइटवर सगळं आहे." बाबा म्हणाले, "असू दे की, मोजलं तर कमी होणार आहे काय?" त्यांनी मला एका कोपऱ्यात टेपचं टोक धरून उभं केलं आणि स्वतः भिंतीला चिकटून चालत गेले. सव्वीस फूट. मग आडवं, वीस फूट. खडूनं भिंतीवर लिहिलं, २६ गुणिले २०, पाचशे वीस. कागदावरचे वरचे चौदा फूट कुठे गेले म्हणून खोली पुन्हा बघायला लागलो. खिडकीच्या बाहेर एसीचं बाहेरचं युनिट ठेवायला सात फूट लांब, दोन फूट रुंद सिमेंटची फळी होती, जाळीमागे झाकलेली. बाबा वाकून बघत म्हणाले, "अगं, ही भिंतीबाहेरची फळीपण खोलीतच धरलीय ह्यांनी."

रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिसचे शाफ्ट, बाल्कनी येत नाही. ती फळी तर बाहेरच्या भिंतीच्याही पलीकडे होती. महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा मी तिथंच मोबाइलवर उघडला. त्यातही कार्पेट ५२० च होतं. चूक छापील दरपत्रकात होती. मॅनेजर आले, दहा मिनिटं आत-बाहेर झालं आणि हिशेब ७८० सेलेबलवर आला, ८१ लाख ९० हजार. टेपनं दोन लाख दहा हजार वाचवले. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की कार्पेटवर भागलं तर फुटाचा भाव १५,७५० पडतो. दोन इमारतींची तुलना करायची तर फक्त याच आकड्यानं करा. शेजारच्या एका इमारतीत ९,८०० चा भाव ऐकून आम्ही खूश झालो होतो, तिथं लोडिंग काढल्यावर फूट आमच्यापेक्षा महाग निघत होतं.

आणि हे लोडिंग एकदा देऊन संपत नाही. मेंटेनन्स ९ रुपये फूट, तोही सेलेबलवर. म्हणजे ७,०२० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. जे २६० फूट माझ्या ताब्यातच नाहीत, त्यांचे २,३४० रुपये दर महिन्याला मला पडतात. लॉबी, जिने, लिफ्ट मी वापरते हे खरं. म्हणूनच ती लॉबी आणि ती लिफ्ट कशी सांभाळली जाते हे विचारायचा मला पूर्ण हक्क आहे.

पैशाची बाकीची बाजू भराभर सांगते. भोगवटा पत्र (बांधकाम पूर्ण, वापर सुरू करा असा पालिकेचा दाखला) मिळालेली इमारत घेतली, त्यामुळे जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असलेल्या कमर्शियलला तो साधारण १२ टक्के पडतो आणि ८०-९० लाखांवर ती रक्कम छोटी नाही. मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रो अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७३ हजार. खरेदी बाईच्या नावावर असली की एक टक्का सूट मिळते, ती फक्त घराला, ऑफिसला नाही. हे एजंटला माहीत नव्हतं आणि त्यानं आपल्या हिशेबात ती सूट धरूनही टाकली होती. नोंदणी ३० हजार. ५० लाखांवरचा व्यवहार असल्यानं एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आयकर) त्याच्या पैशातून कापून भरायचा असतो, ते काम खरेदीदाराचं. दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला, करासकट जवळजवळ दोन लाख. जागा बेअर शेल होती, नुसता सिमेंटचा खोका. फरशी, वायरिंग, फॉल्स सीलिंग, दोन एसी, टेबलं असे ९ लाख ६० हजार गेले. सगळं मिळून कोटीला जेमतेम अर्धा लाख कमी. जाहिरातीत आकडा ८४ चा होता.

बुकिंगच्या वेळी वीस टक्के मागितले. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे रेराचं तेरावं कलम. मी तसं शांतपणे सांगितलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं.

बँकेनं सत्तर टक्के दिले, ५७ लाख, बारा वर्षं, हप्ता सुमारे ६८ हजार. कोथरूडला भाडं ३८ हजार अधिक जीएसटी होतं. म्हणजे महिन्याला मी जास्त भरते आणि हे कुणापासून लपवत नाही. पण व्याज खर्चात जातं, इमारतीवर १० टक्के घसारा (झीज म्हणून उत्पन्नातून वजावट) मिळतो. दर अकरा महिन्यांनी मालकाच्या दारात उभं राहून "यंदा तरी वाढवू नका" म्हणणं संपलं, त्याचं मोल मला फार आहे. पत्ता बदलला की जीएसटी नोंदणीत दुरुस्ती, बँकेत दुरुस्ती, नव्वद गिऱ्हाइकांना पत्रं. ते तीनदा केलंय, पुन्हा करायचं नव्हतं.

आता वापरातलं.

लिफ्ट तीन आहेत, मजले अकरा. आम्ही जागा दोन्ही वेळा रविवारी दुपारी बघितली, तेव्हा लिफ्ट जणू आमचीच वाट बघत होती. पहिल्याच सोमवारी नऊ चाळीसला खाली रांग दरवाजाबाहेर गेलेली. सात मिनिटं उभी राहिले. एक लिफ्ट दुरुस्तीला होती आणि त्यानंतरही तिघींपैकी एक आलटून पालटून बंद असायचीच. आम्ही चौथ्या मजल्यावर, मुली जिन्यानं येतात. पण एकीला सातवा महिना होता तेव्हा ही गोष्ट सोपी राहिली नाही. मी वेळ सव्वानऊची केली, त्यानं बराच फरक पडला.

खिडकी पश्चिमेची. मे महिन्यात तीन वाजता स्क्रीनवरचे आकडे दिसत नाहीत. बाहेरच्या काचेला हात लावायला परवानगी नाही, म्हणून आतून फिल्म आणि रोलर पडदे लावले. वीज मंजूर भार ५ किलोवॅटचा होता, दोन एसी आणि नऊ संगणकांना तो पुरेना. महावितरणकडे भार वाढवून घेतला. घेताना मीटरवरचा भार विचारून घ्या, हे खर्चाचं आणि महिनाभर वाट बघण्याचं काम आहे.

सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे वेट पॉइंट. आमच्या खोलीत एका कोपऱ्यात नळ आणि सांडपाण्याचा पाइप बिल्डरनं काढून दिलेला आहे. चहाचा ओटा, बेसिन, पाण्याचं फिल्टर सगळं त्यावर बसलं. समोरच्या ऑफिसला तो नाही आणि आता करताही येत नाही, कारण पाइप काढायचा तर खालच्या माणसाच्या छतातून काढावा लागेल. ते लोक दिवसभर कप धुवायला कॉरिडॉरच्या टोकाला जातात. एवढीशी गोष्ट, पण नऊ बायकांच्या ऑफिसात तिनं दिवस बदलतो.

आणि स्वच्छतागृह. आमच्या मजल्यावर अकरा ऑफिसं, बायकांसाठी दोनच संडास, तेही टोकाला. पहिले सहा महिने तिथं झाकणाचा डबा नव्हता, एका दाराची कडी नीट लागत नव्हती, संध्याकाळी सातनंतर दिवा बंद व्हायचा. मी बिल्डरच्या मेंटेनन्सवाल्यांना पाच मेल लिहिले. शेवटी मजल्यावरच्या सगळ्या ऑफिसांतल्या बायकांच्या सह्या घेऊन गेले, तेव्हा आठवड्यात तिन्ही कामं झाली. जागा बघायला जाल तेव्हा आधी तिथलं स्वच्छतागृह बघा. पुरुष मालकांनी तर नक्की बघावं.

पार्किंग यांत्रिक आहे, एकावर एक गाडी. महिन्याची २० तारीख आमच्याकडे जीएसटी भरण्याची, त्या दिवशी निघायला उशीर होतो. एका २० तारखेला साडेदहाला खाली आले तर माझी गाडी वरच्या ताटावर आणि चालवणारा माणूस आठलाच घरी गेलेला. वॉचमन बिचारा फोन लावत राहिला. तिघी मुलींना रिक्षांत बसवून दिलं आणि मी शेवटच्या रिक्षानं गेले. पार्किंग दिलंय असं करारात असतं, ते किती वाजेपर्यंत चालू राहील हे नसतं.

पाण्याचंही विचारा. बाणेर-बालेवाडीत टँकर नवा नाही. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये वेगळा जोडून येतो, मागच्या वर्षाची बिलं दाखवा म्हणायचं.

हे सगळं एका गोष्टीशी येऊन थांबतं. मालकांची संस्था. निम्म्याहून जास्त ऑफिसं विकली गेली की तीन महिन्यांत ती व्हायला हवी, असा रेराचा नियम आहे. आमची दीड वर्षांनी झाली, तीही पाच-सहा जणांनी पाठपुरावा केला म्हणून. तोपर्यंत लिफ्टचं कंत्राट कुणाला, किती रुपयांचं, हे आम्हाला बघायलाही मिळत नव्हतं. संस्था झाल्यावर पहिलं काम लिफ्टच्या कंपनीशी थेट करार करण्याचं केलं. बंद पडण्याचे दिवस निम्म्यावर आलेत.

येत्या शनिवारी बैठक आहे. माझा एकच विषय आहे: दर महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेला, म्हणजे कर आणि विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या दिवशी, पार्किंगचा माणूस रात्री अकरापर्यंत हवा. इमारतीत हिशेबाची कामं करणारी सात ऑफिसं आहेत, सहाजणांनी अर्जावर सही केली आहे. सातवे उद्या गावाहून येतात.