संपाच्या काळातील महाविद्यालयीन कार्यालय : एक अभिप्राय

फेब्रुवारी 2023 मध्ये सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, आश्वासित प्रगती योजना (ठरावीक वर्षे सेवा झाल्यावर बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी देणारी) आणि रिक्त पदांची भरती या मागण्यांसाठी राज्यातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि पुढे संप केला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातील आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाचा जो अनुभव आला, तो येथे नोंदवत आहे. बोनाफाईडसाठी मी गेवराईहून एसटीने दोनदा आलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलो. शुल्काची ऑनलाइन लिंक तेवढी एकही दिवस बंद नव्हती, आणि अर्ज स्वीकारायला टेबलावर कोणी नसतानाही विलंब शुल्काची आकारणी मात्र चुकली नाही.

वर्गात यावरून दोन तट पडले. कापसाचे पैसे हाती येण्याआधी हप्ता भरणाऱ्या घरांतील मुलांना हा संप अन्यायाचा वाटला. मला तसे वाटले नाही, कारण रिक्त जागांमुळे एकच लिपिक शिष्यवृत्ती, प्रवेश आणि परीक्षा ही तिन्ही कामे ओढताना आम्ही वर्षभर पाहिला होता. आम्ही निवेदन दिले, त्यात मागण्यांना पाठिंबा दिला आणि विलंब शुल्क माफ करण्याची विनंतीही केली. उत्तर आले नाही. पुढे जुन्या पेन्शनसाठी 14 ते 20 मार्च असा राज्यव्यापी संप झाला, तेव्हा निदान फाटकावर सूचना लावलेली होती.

कर्मचाऱ्यांबद्दल तक्रार नाही. व्यवस्थापनाला पाचपैकी दोन गुण, तेही त्या सूचनेमुळे.