साइड स्कॅनचं चित्र ‘एचडी’ करून देणाऱ्यापासून सावध राहा

गोसेखुर्दच्या बुडीत पाण्यात मासेमारी करणाऱ्या संस्थांनी, आणि इटियाडोहपासून तोतलाडोहपर्यंत ज्यांनी ज्यांनी डोंग्यावर फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारी मशीन) बसवला आहे त्यांनी, हे वाचून घ्या. एक माणूस गावोगाव फिरतो आहे. छातीवर बिल्ला, हातात बॅग, बोलणं एकदम गोड. साइड स्कॅनचं चित्र धूसर येतं ना, मी ‘एचडी किट’ बसवून देतो, म्हणतो. आमच्या मच्छीमार संस्थेचे साडेअठरा हजार रुपये त्याने नेले आणि चालू मशीन नासवून गेला.

मशीन काहून घेतली होती ते आधी सांगतो. धरणाच्या पाण्याखाली आमची गावं गेली. घरांचे जोते, विहिरींचे काठ, आंब्या-मोहाची उभी खोडं सगळं खालीच आहे. जाळं टाकलं की अडकतं, ओढलं की फाटतं. वरून नागनदीची घाण कन्हानमार्गे वैनगंगेत येते, जलपर्णी माजते, वरून काहीच दिसत नाही. कोणी बुडालं तर पोलीसही आधी ढिवरांनाच हाक मारतात. साइड स्कॅन असलं तर डोंग्याच्या दोन्ही बाजूंचा तळ दिसतो, म्हणून संस्थेने वापरलेली मशीन घेतली.

पण चित्र काही जमेना. उजवी बाजू अर्धी काळी, डावीकडे सगळं लाटालाटांचं, मधूनच पडद्यावर आडव्या रेघा. अशा वेळी हा माणूस आला. कोणाकडून त्याला कळलं, देव जाणे.

त्याने पाण्यात बुडवून ठेवायच्या सेन्सरच्या केबलमध्ये एक काळा डबा जोडला, मशीनमध्ये मेमरी कार्ड घातलं, पडद्याच्या कोपऱ्यात आपल्या कंपनीचं स्टिकर चिकटवलं आणि डोंगा काठाला बांधलेलाच ठेवून मशीन सुरू केली. काय चित्र होतं म्हणून सांगू! तळाचा गोटा न् गोटा वेगळा, माशांच्या मागे त्यांच्या सावल्या, आणि मधोमध चौकोनी खांबांची रांग. तो म्हणाला, “हे तुमच्या जुन्या गावातल्या देवळाचे खांब.” झालं. बायका कामं टाकून काठावर आल्या. कोणी पडद्याला हात जोडले. ज्या गावातून उठून पुनर्वसनात जावं लागलं, त्याचं देऊळ समोर दिसल्यावर कोण किंमत विचारणार?

एका म्हाताऱ्या ढिवर बाबांनी मात्र पडद्यावरचा आकडा पाहिला होता. “काहो साहेब, इथं आमची बकरी बुडत नाही, अन् तुमची मशीन अकरा मीटर पाणी दाखवते?” त्यावर तो हसला. “बाबाजी, ही आतल्या धारेची खोली आहे जी.” वेगाच्या रकान्यात ताशी सहा किलोमीटर येत होते, आणि डोंगा खुंटीला बांधलेला!

ते चित्र आमच्या पाण्याचं नव्हतंच. फिश फाइंडरच्या मेनूत सिम्युलेटर नावाचा पर्याय असतो. दुकानात गिऱ्हाइकाला मशीन दाखवता यावी म्हणून कंपनीने त्यात तयार चित्रं भरलेली असतात. तो सुरू असला की पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहून येतं, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यावर त्याचं स्टिकर होतं. दुसऱ्या तलावावरच्या एका नातेवाइकाने पुढे मला फोटो पाठवला. त्यांनाही तेच खांब ‘तुमचं देऊळ’ म्हणून दाखवले होते. पैसे घेतले त्याचा राग आहेच. पण लोकांच्या बुडालेल्या देवळावर धंदा केला, याचा जास्त आहे.

डबा आमच्या आयटीआयतल्या पोराने फोडला. आत वजनासाठी प्लॅस्टर, एक हिरवा दिवा, आणि इकडची तार तिकडे सरळ जोडलेली. कार्डात नुसते फोटो. खरं सॉफ्टवेअर अपडेट मशीनच्या कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं आणि ते त्या-त्या मॉडेलचंच लागतं. वरून त्याने केबल कापली. सेन्सरच्या केबलला आतून जाळीचं आवरण असतं, ते तुटलं की बाहेरचा विद्युत गोंधळ थेट पडद्यावर येतो. म्हणजे आधी होतं तेवढंही चित्र राहिलं नाही. नवीन सेन्सर घ्यावा लागला, तो खर्च वेगळाच.

दुखणं किती साधं होतं, ते नवा सेन्सर बसवताना कळलं. सेन्सर दोन्ही बाजूंना आवाजाचे पातळ पट्टे सोडतो, परत आलेल्या प्रत्येक प्रतिध्वनीची एक ओळ होते, आणि चटई विणावी तशा त्या ओळी एकीला एक लागून चित्र होतं. डोंगा डोलला की वीण वाकडी. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला आमचं टोक इकडे-तिकडे जायचं, त्याच त्या लाटा. उजवी बाजू काळी होती कारण सेन्सर मागे इंजिनाच्या डाव्या अंगाला होता, उजवीकडचा आवाज इंजिनच अडवत होतं. आता लोखंडी पट्टीवर तो डोंग्याच्या पोटाच्या खाली, पाण्याला समतल, पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर बसवला आहे. इंजिनाची आणि मशीनची बॅटरी वेगळी केली, आडव्या रेघा गेल्या. डोंगा चालवायचा ताशी चार ते आठ किलोमीटर, सरळ रेषेत. वळताना येणारं चित्र धरायचंच नाही. सेन्सरच्या आवाजाची वारंवारता मशीनमध्ये निवडता येते: लांबचं पाहायचं तर ४५५ किलोहर्ट्झ, जवळचं बारीक पाहायचं तर ८०० किंवा १२००. पण बारीक पाहाल तितका पल्ला कमी. आम्ही दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर लावून बसलो होतो, पंचवीसवर आणलं तर खोडाच्या फांद्या दिसायला लागल्या. सेन्सरला जलपर्णीची मुळी गुंडाळली की पुन्हा धुकं, म्हणून तेवढं मधून मधून हात घालून पाहतो.

कोणी चित्र सुधारून दाखवतो म्हणाला तर त्याला सांगा, सेन्सर पाण्याबाहेर उचल. चित्र तरी चालूच राहिलं तर ते सिम्युलेटर. बांबू बुडवून खोली मोजा, पडद्यावरच्या आकड्याशी लावून पाहा. आणि आपल्या माहितीच्या विहिरीवरून डोंगा नेऊन दाखवायला लावा; काठावरचा डेमो मुळीच पाहू नका.

पैशांचं असं झालं. दहा हजार फोनवरून गेले, तेही कंपनीच्या नव्हे, कोणा बाईच्या खात्यात. बाकी रोख. बिलावर जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. आमच्या बिलावर चौदाच अक्षरं. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहायला मिनिटही लागत नाही. फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा, उशीर झाला की पैसे खात्यातून पुढे सरकतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर विचारता येतं. पण त्यासाठी समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिलावरच्या पत्त्यावर आम्हाला सायकल दुरुस्तीचं दुकान सापडलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. एकट्या संस्थेच्या तक्रारीपेक्षा दोन-चार ठिकाणच्या तक्रारींत तेच खातं दिसलं तर माग काढायला सोपं जाईल. म्हणून ज्यांच्या केबलला असा काळा डबा लागला आहे, त्यांनी तो फेकू नका. बिल, पैसे गेलेल्या खात्याचं नाव आणि तो ज्या गाडीने आला तिचा नंबर घेऊन आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या.