बारा फुटी घरगुती स्विमिंग पूल : पाण्याला पूर्ण गुण, पट्ट्याला शून्य

नागपूरचा मे महिना नुसत्या कूलरच्या भरवशावर काढणे मुलांना जड जाते, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये बेसा भागातल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेसाठी मी एक घरगुती पूल ऑनलाइन मागवला. बारा फूट व्यास, ४८ इंच उंची, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि आत जाड प्लास्टिकचे अस्तर, अशी त्याची रचना आहे. दोन उन्हाळे वापरल्यानंतर आणि मधल्या काळात वाचनात आलेल्या एका बातमीनंतर हे परीक्षण लिहीत आहे.

वस्तू म्हणून पूल वाईट नाही. दोघांनी मिळून जोडायला अडीच तास लागले. त्याहून जास्त वेळ जमीन सपाट करण्यात गेला, कारण आमच्याकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि अशा जमिनीवर पूल थेट उभा केला तर तो एका बाजूला कलतो. आम्ही चार इंच मुरूम टाकून, धुम्मस करून वर जाड ताडपत्री अंथरली. नवतप्यातही अस्तराचा जोड उसवला नाही. सोबत आलेला फिल्टर पंप मात्र अगदीच लेचापेचा आहे आणि पाणी हिरवे पडू नये म्हणून क्लोरीनकडे रोज लक्ष द्यावे लागते. हा पूल गच्चीवर ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आधी सोडावा. एक मीटर खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला एक टन होतो आणि वावरासाठी असलेल्या गच्चीचा आराखडा करताना साधारण दीडशे किलोचाच भार धरलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. सांगाड्याचे उभे पाय पाण्याच्या दाबाने बाहेर सरकू नयेत म्हणून त्यांच्याभोवती एक रुंद पट्टा गुंडाळलेला असतो. माझ्या पुलात तो पायांच्या बाहेरून, जमिनीपासून सुमारे दीड फुटावर फिरतो. गेल्या वर्षी मे महिन्यात माझी अडीच वर्षांची भाची त्या पट्ट्यावर पाय देऊन उभी राहिली आणि काठावर कोपरे टेकवून आत डोकावू लागली. आम्ही सगळे शेजारीच होतो. तिचे कौतुक वाटले, हसलो, तिच्या मामीने फोटोही काढला.

दोन महिन्यांनी, २१ जुलै २०२५ रोजी, अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलीग्रुप या तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे ५० लाख पुलांचा रिकॉल, म्हणजे विकलेल्या वस्तूतला धोका कंपनीने दूर करून देण्याची मोहीम, जाहीर केला. ४८ इंच किंवा त्याहून उंच आणि पट्टा पायांच्या बाहेरून जाणारे हे पूल २००२ पासून विकले जात होते. त्या पट्ट्यावर पाय ठेवून मूल आत शिरले असावे, अशा २००७ ते २०२२ या काळातल्या नऊ बुडून झालेल्या मृत्यूंची नोंद आयोगाने दिली आहे. ती मुले २२ महिने ते तीन वर्षे वयाची होती. ही बातमी वाचल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. चार फुटांची सरळ भिंत हेच लहान मुलांपासूनचे संरक्षण आहे असे आपण धरून चालतो, शिडी काढून ठेवली की निर्धास्त होतो, आणि त्याच भिंतीला कारखान्यातूनच पायरी बसवून आलेली असते.

माझा पूल या तीन कंपन्यांपैकी एकीचाही नाही, रचना मात्र तीच आहे. रिकॉलमधील उपाय साधा आहे : कंपनी मोफत दोरी पाठवते, ती प्रत्येक उभ्या पायाभोवती गुंडाळून बांधायची आणि त्यानंतरच पट्टा कापून काढायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दोरी न बांधता पट्टा कापला तर भरलेल्या पुलाचे पाय फाकून सगळे पाणी एकदम बाहेर येऊ शकते. मी विक्रेत्याला फोटोसह लिहून अशा दोरीची मागणी केली. पहिले उत्तर आले की परतीची मुदत संपली आहे. दुसऱ्या उत्तरात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन होते. बुडण्याच्या धोक्याबद्दल विचारणाऱ्या माणसाला कूपन पाठवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या धंदेवाईक चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आपल्याकडे कायद्यात सोय नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० प्रमाणे धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, आणि २०२२ मध्ये मानक न पाळणारे प्रेशर कुकर परत घेण्याचे आदेश प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिलेही होते. मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे पुलाचा मॉडेल क्रमांक, बिल आणि दोष दाखवणारा फोटो लागतो, म्हणून खोके फेकण्याआधी त्यावरचे लेबल कापून ठेवावे.

घेणाऱ्याने आज एवढे पाहावे की पट्टा पायांच्या आतून जातो की बाहेरून. विक्रीच्या पानावरचे फोटो मोठे करून पाहिले तर ते कळते. बाहेरून जात असेल तर घेऊ नये. घेतलेलाच असेल, तर चहूबाजूंनी किमान चार फुटांची, आडव्या पट्ट्या नसलेली जाळी आणि आपोआप बंद होणारे फाटक लावावे, नाहीतर पूल रिकामा करावा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवणेही आवश्यक आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनला तो अनावश्यक वाटला, तरी मी बसवून घेतला.

पाच पैकी दोन तारे. माझा पूल सध्या घडी करून कूलरच्या शेजारी ठेवला आहे. कॉलनीतल्या एकांनी तो निम्म्या किमतीत मागितला, त्यांच्या घरी दीड वर्षाचा नातू आहे. त्यांना पट्टा दाखवला आणि विकायला नकार दिला.