ईएलएम३२७ ब्लूटूथ ॲडाप्टर: कोडपेक्षा फ्युएल ट्रिमसाठी घ्या

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीचं निदान करण्याच्या) सॉकेटमध्ये बसणारा आणि इंजिनचे आकडे फोनवरच्या ॲपमध्ये दाखवणारा हा स्वस्त ॲडाप्टर बहुतेक जण चेक इंजिनचा दिवा घालवायला घेतात. ते काम तो करतो, पण पैसे वसूल होतात ते फ्युएल ट्रिम वाचण्यात. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरने मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) सांगितलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, रिच (पेट्रोल जास्त) सांगितलं की कमी. ही दुरुस्ती म्हणजेच फ्युएल ट्रिम, ती टक्क्यांत दिसते: प्लस म्हणजे पेट्रोल वाढवलं, मायनस म्हणजे कमी केलं. शॉर्ट टर्म ट्रिम सतत हलते, लाँग टर्म हळूहळू शिकली जाते. दोन्हींची बेरीज साधारण २०-२५ टक्क्यांपलीकडे गेली की मगच पी०१७१ (मिश्रण लीन) किंवा पी०१७२ (रिच) हा कोड उमटतो. तोपर्यंत ईसीयू बिघाड सांभाळून घेत असतो आणि गाडी चालवणाऱ्याला काहीच कळत नाही.

मोजायचं असं: कूलंट ८० अंशांच्या वर, एसी बंद, ॲपमध्ये फ्युएल सिस्टिम 'क्लोज्ड लूप', म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सर ऐकून पेट्रोल ठरवतोय. ओपन लूपमधल्या (सेन्सर न ऐकता चालतानाच्या) ट्रिमवरून निष्कर्ष काढू नका. आयडलला मिनिटभर पाहा, मग २५०० आरपीएमला, शेवटी चढावर लोड देऊन; चढावर आकडे शेजारच्याला टिपू द्या. बेरीज ±५ असेल तर उत्तम, ±१० पर्यंत चालेल, पुढे गेली तर शोध सुरू करा. लोडला प्लस वाढत गेलं तर फ्युएल पंप कमजोर किंवा फिल्टर चोंदलेला. गरम आयडलला मोठं मायनस दिसलं तर गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा).

इंटरनेटवरचा एक नियम मात्र डोळे झाकून लावू नका: 'आयडलला प्लस, २५००ला नॉर्मल, म्हणजे व्हॅक्युम लीक.' हे मास एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाड्यांना लागू पडतं, कारण लीकमधून आलेली हवा सेन्सर मोजतच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर चालतात, जो इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो. तिथे लीकमुळे मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो आणि ट्रिम जवळपास जागेवरच राहते. लक्षण दिसतं ते चढलेल्या आयडलमध्ये. अशा गाडीत ट्रिम खूप प्लस असेल तर आधी ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचा एक्झॉस्ट गॅस्केट आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं) तपासा. दोन्हींमध्ये सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो खोटं लीन सांगतो.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर तर हा ॲडाप्टर हवाच. असं सिक्वेन्शियल किट पेट्रोल ईसीयूच्या इंजेक्शन टाइमवरून गॅस सोडतं. गॅसचा मॅप (किती गॅस सोडायचा याचा तक्ता) चुकला की ईसीयू चुकीची लाँग टर्म शिकतो आणि पेट्रोलवर टाकताच गाडी अडखळते. आधी पेट्रोलवर आकडे टिपा, मग त्याच आरपीएमला गॅसवर. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर ट्यूनिंगवाल्याला ते आकडेच दाखवा. ई१० वरून ई२० वर गेल्यावर ट्रिम ३-४ टक्के प्लसकडे सरकते. तो बिघाड नव्हे, इथेनॉलला हवा कमी लागते म्हणून तसं होतं.

आता उणिवा. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, पण स्वस्तातले बहुतेक ॲडाप्टर नकली असतात, त्यामुळे खोक्यावरच्या १.५ किंवा २.१ या आकड्यावर विसंबू नका. वाचन सावकाश होतं, म्हणून स्क्रीनवर चार-पाचच पॅरामीटर ठेवा. ट्रिमला हा वेग पुरतो, ऑक्सिजन सेन्सरच्या ग्राफला नाही. साधं ब्लूटूथ मॉडेल आयफोनला जोडलं जात नाही. बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) किंवा वायफायचं घ्या. एबीएस आणि एअरबॅगचे कोड यातून मिळतील असं धरू नका.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड उमटला त्या क्षणीच्या आकड्यांच्या नोंदीचा) स्क्रीनशॉट घ्या, कारण पुसल्यावर ती माहिती जाते आणि बहुतेक गाड्यांत शिकलेली ट्रिमही शून्य होते. काम झालं की ॲडाप्टर काढून ठेवा: १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी तो उतरवू शकतो.