वेगवान फोटोअकूस्टिक मायक्रोस्कोप : आठ महिने वापरल्यावर

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये हे यंत्र जूनमध्ये आलं आणि पंधरा दिवस खोक्यातच पडून राहिलं. खोलीचा एसी बसायचा होता. पावसाळी दमटपणात लेझर सुरू करायची कुणाची हिंमत नव्हती.

तत्त्व सोपं आहे. काही नॅनोसेकंदांची लेझर पल्स रक्तावर पडते, हिमोग्लोबिन ती शोषून अंशाच्या हजाराव्या भागाएवढं तापतं, फुगतं आणि अल्ट्रासाउंड (कानाला न ऐकू येणारा आवाज) सोडतं. तो टिपत एकेक बिंदू करून शिरांचं चित्र बनतं. ग्रॅहम बेलने, टेलिफोनवाल्यानेच, प्रकाशातून आवाज निघतो हे 1880 मध्ये पाहिलं होतं.

जुन्या सेटअपमध्ये सेकंदाला 100 पल्स. चित्रात लाख बिंदू, म्हणजे 17 मिनिटं. तेवढ्यात उंदीर हजारेक श्वास घेणार, त्यामुळे शिरा करवतीसारख्या यायच्या. आता सेकंदाला लाख पल्स, एक चित्र एका सेकंदात. पहिल्याच आठवड्यात भूल दिलेल्या उंदराच्या कानाच्या बुडाशी कापूस लावलेल्या काडीने हलकं दाबलं, तर स्क्रीनवरची बारीक शीर पुसली गेली. सोडल्यावर चार-पाच चित्रांत ती बुडाकडून टोकाकडे भरत आली. मागे उभी असलेली ज्युनिअर म्हणाली, "परत करा ना!" केलं. तीनदा.

आता कुरकुर. प्रत्येक पल्समागे आवाजाची हजार मोजमापं (सॅम्पल), दोन-दोन बाइटची. म्हणजे सेकंदाला 200 एमबी. दहा मिनिटांत 120 जीबी! विकताना हार्ड डिस्कचा विषय कुणी काढला नाही. माहितीपत्रकातली चित्रं पांढऱ्या उंदरांची आहेत. काळ्या उंदरावर मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं काळं रंगद्रव्यच आधी चमकतं आणि खालच्या शिरा झाकोळतात. शिवाय आमच्या लेझरच्या 532 नॅनोमीटर तरंगलांबीवर ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त जवळपास सारखंच दिसतं. ऑक्सिजन मोजायचा तर दुसरी तरंगलांबी हवी, आणि तिचे पैसे वेगळे.

सगळ्यात जास्त छळलं ते बुडबुड्यांनी. लेझर बिंदूमागून बिंदूवर फिरवणारा स्कॅनरचा आरसा पाण्यात असतो. ऑगस्टमध्ये प्रत्येक चित्रात एकाच जागी काळा डाग यायला लागला. दोन दिवस आम्ही रक्ताची गुठळी समजून चर्चा झोडत होतो. उंदीर बदलला तरी डाग तिथेच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आरशावर मोहरीएवढा बुडबुडा बसला होता, आणि हवेतून अल्ट्रासाउंड जवळपास जातच नाही. सर्व्हिसवाले तीन आठवड्यांनी आले, तोवर उपाय आम्हीच काढला होता : आदल्या संध्याकाळी पाणी उकळून झाकून ठेवायचं, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते.

लॅबच्या किटलीवर तेव्हापासून पाटी आहे : 'ही चहाची नाही. विचारू नये.'